रहस्यपटाच्या आरंभीं उत्कंठा कशी उत्पन्न होते?

रहस्यपट पाहून आलेल्या विद्यार्थ्यास 'तुझी छाती कां धडधडली?' असें विचारल्यास बहुधा उत्तर मिळतें कीं, पुढें काय होणार हें ठाऊक नव्हतें म्हणून. आमच्या मतें हें उत्तर अपुरें आहे. जें मुळींच ठाऊक नाहीं त्याची धास्ती कोणास वाटणार? उत्कंठेचें मूळ अज्ञानांत नसून अर्धवट ज्ञानांत आहे. एका प्रसिद्ध चित्रपटाच्या आरंभावरून हें स्पष्ट करण्याचा यत्न आम्ही येथें करीत आहों.

'टच ऑफ ईव्हिल' हा अमेरिकन चित्रपट ऑर्सन वेल्स यांनीं दिग्दर्शित केला व तो १९५८ सालीं प्रकाशित झाला. कथा अमेरिका व मेक्सिको यांच्या सरहद्दीवरील एका गांवांत घडते. पडद्यावर प्रथम दिसतात ते दोन हात. त्यांत एक बाँब असून त्याला घड्याळ जोडलेलें आहे. हात घड्याळाचा कांटा फिरवितात. मग तो माणूस धांवत जाऊन तो बाँब एका उघड्या मोटारीच्या डिकींत ठेवतो व अंधारांत नाहींसा होतो. इतक्यांत एक श्रीमंत गृहस्थ व एक नर्तकी हसत येतात, मोटारींत बसतात आणि निघतात.

हें सर्व व यापुढील सर्व एकाच अखंड दृश्यांत आहे. छायालेखक रसेल मेटी यांचा कॅमेरा यारीवर चढवून कधीं छपरांवरून, कधीं रस्त्यावरून सुमारें ३ मिनिटें २० सेकंद न थांबतां फिरविला आहे. दृश्य मध्येंच तोडलें असतें, तर कांहीं वेळ गाळला असा भास झाला असता. येथें ती सुटका नाहीं. बाँबच्या घड्याळांतील प्रत्येक क्षण प्रेक्षकास मोजावा लागतो.

पुढें पोलीस हात दाखवून मोटार थांबवितो. शेळ्यांचा कळप आडवा येतो. एरवीं क्षुल्लक वाटणारी ही खोळंबी आतां असह्य होते. त्याच रस्त्यानें व्हार्गस नांवाचा मेक्सिकन अधिकारी आपल्या नववधूसह पायीं चालला आहे. मोटार कधीं त्यांच्या पुढें, कधीं मागें. सरहद्दीच्या नाक्यावर तर दोन्ही जोडपीं अगदीं जवळ येतात. नर्तकी म्हणते कीं, आपल्या डोक्यांत टिक्-टिक् ऐकूं येत आहे. पण तिच्या बोलण्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. मोटार पुढें जाते, नवदंपती क्षणभर एकमेकांजवळ येतात आणि स्फोट होतो.

आल्फ्रेड हिचकॉक यांनीं १९६२ सालीं फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या मुलाखतींत हेंच तत्त्व विशद केलें आहे. मेजाखालील बाँब अकस्मात् फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण तो तेथें आहे हें त्याला आधीं सांगितलें, तर पंधरा मिनिटें तो तळमळतो. कारण त्याला ठाऊक आहे, पण ओरडून सांगतां येत नाहीं.

ध्वनीचेंही कार्य थोडें नाहीं. मूळ प्रतींत या दृश्यावर श्रेयनामावलि होती व हेन्री मॅन्सिनी यांचें संगीत वाजत होतें. निर्मिति-संस्थेनें केलेलें संकलन न रुचल्यामुळें वेल्स यांनीं १९५७ सालीं ५८ पानांचें टिपण लिहून सुधारणा सुचविल्या होत्या. ते १९८५ सालीं निवर्तले. पुढें १९९८ सालीं वॉल्टर मर्च यांनीं त्या टिपणाच्या आधारें चित्रपटाचें पुन्हां संकलन केलें. आतां नांवें गेलीं; रस्त्यावरील नाचगृहांचीं गाणीं व मोटारींतील रेडिओ ऐकूं येऊं लागला. परिणाम असा कीं, मोटार दिसेनाशी झाली तरी तिच्या रेडिओचा सूर जवळ येतांच प्रेक्षकाचें मन चपापतें.

कथा लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांस यांतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. संकट शेवटच्या ओळीपर्यंत झांकून ठेवून मग 'अचानक' या शब्दावर भिस्त ठेवण्याची संवय पुष्कळांस असते. त्याऐवजीं पहिल्याच परिच्छेदांत तें वाचकास दाखवावें, आणि कथेंतील माणसांना मात्र निर्धास्तपणें आपापल्या वाटेनें चालूं द्यावें.