कुंडलचे मैदान आणि व्यावसायिक लीगचे अल्पायुष्य

पावसाचा जोर ओसरला की सांगली जिल्ह्यातील कुंडल गावी कुस्तीचे मैदान भरते. टेकडीच्या उतारावर दूरदूरच्या गावांहून आलेली माणसे दाटीवाटीने बसतात, खाली तांबड्या मातीत जोडी लागतात आणि हलगीच्या ठेक्यावर दिवस मावळतो. एके काळी औंध संस्थानात असलेले, पुढे प्रतिसरकारच्या लढ्यात अग्रभागी राहिलेले हे गाव. १९१० साली शेजारच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हा तिथले रेल्वे स्थानकही 'कुंडल रोड' या नावानेच ओळखले जाई. संस्थान गेले, परकी सत्ता गेली, स्थानकाचे नाव बदलले. मैदान मात्र भरत राहिले. त्याचा मालक कोण, असा प्रश्न येथे कोणी विचारीत नाही.

याच्या शेजारी अलीकडच्या व्यावसायिक लीगचा इतिहास ठेवून पाहण्यासारखा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये 'प्रो रेसलिंग लीग' मोठ्या गाजावाजाने सुरू झाली. परदेशी ऑलिंपिकवीर आले, मल्लांचे लिलाव झाले, 'मुंबई गरुड' हा संघ पहिल्याच वर्षी विजेता ठरला. २०१९ मध्ये चौथा हंगाम झाला आणि त्यानंतर कित्येक वर्षे ही लीग भरलीच नाही. कुस्तीला प्रेक्षक नाही म्हणून असे घडले, असे म्हणण्याचे धाडस निदान कृष्णाकाठी तरी कोणी करणार नाही.

मग उणीव कोठे राहिली? २०१७ च्या हंगामात मुंबईच्या नावाचा संघ लढला तो दिल्लीत, तेथील एकाच बंदिस्त सभागृहात. या सभागृहाला नाव आहे खाशाबा जाधवांचे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीला गेला तो लोकवर्गणीवर आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या सात हजार रुपयांवर. त्या पैशाची परतफेड किती हंगामांत होईल, याचा हिशेब खर्डेकरांनी मांडला नव्हता. खाशाबांच्या नावाच्या वास्तूत मात्र मुंबईचे नाव धारण केलेला संघ मुंबईकरांच्या अनुपस्थितीत लढत होता. गावाचे नाव पाटीवर लिहिल्याने संघ गावाचा होत नाही, ही साधी गोष्ट लिलावात बोली लावणाऱ्यांच्या ध्यानी आली नसावी.

दुसरी अडचण खेळाच्या रूपाची. मातीतला प्रेक्षक कुस्ती चितपट होण्याची वाट पाहतो. पाठ टेकली की निकाल लागला, त्याला पंचाचे स्पष्टीकरण लागत नाही. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांची आणि गुणांची. ती अशास्त्रीय आहे असे नव्हे. ऑलिंपिकचा रस्ता तिच्यातूनच जातो. परंतु मातीच्या प्रेक्षकाला मॅटपर्यंत आणण्यास वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे थांबण्याची तयारी प्रवर्तकाची नसते.

कारण लीगचे अर्थकारणच उफराटे आहे. खेळाडूंचे मानधन, प्रवास, निवास, सभागृहाचे भाडे, प्रक्षेपणाचा खर्च हे सारे पहिल्या दिवशी मोजावे लागते. प्रायोजक आणि प्रक्षेपणाचे हक्क यांचे उत्पन्न येते ते लोकांना सवय लागल्यानंतर. मधली दरी कोणीतरी स्वतःच्या खिशातून भरावयाची असते. मूळ धंद्याला ओहोटी लागली की ताळेबंदातली पहिली कात्री खेळावर चालते. त्यात प्रस्थापित संघटनेशी वितुष्ट आले तर विचारावयासच नको. २००७ साली निघालेल्या 'इंडियन क्रिकेट लीग'मधील खेळाडूंवर क्रिकेट मंडळाने बहिष्कार घातला आणि २००९ नंतर ती लीग उरली नाही. अमेरिकेत १९८३ साली निघालेल्या 'युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग'ने तर प्रस्थापित लीगविरुद्धचा मक्तेदारीचा खटला १९८६ मध्ये जिंकला. ज्यूरीने नुकसानभरपाई दिली एक डॉलर, कायद्याप्रमाणे तिप्पट करून तीन! मैदानावर ती लीग त्यापूर्वीच थांबली होती. तोच अमेरिकी फुटबॉल २०१२ मध्ये भारतीय लीगच्या रूपाने आणण्याचा प्रयत्न झाला. तिच्यात 'पुणे मराठाज' नावाचा संघही होता, पण पहिल्या हंगामाचे सामने झाले श्रीलंकेत. पुण्याच्या प्रेक्षकाने या मराठ्यांवर लोभ जडवावा तरी कसा?

आपल्या परिचयाच्या फुटबॉलची कथा याहून खेदकारक आहे, कारण येथे खेळ परका नव्हता. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा 'महिंद्र युनायटेड' २०१० मध्ये बंद झाला. २००७ साली निघालेल्या 'पुणे एफसी'ला एक दशकही पुरे करता आले नाही, 'भारत एफसी' एका हंगामात आटोपला, आणि २०१४ पासून इंडियन सुपर लीगमध्ये खेळणाऱ्या 'एफसी पुणे सिटी'ची जागा २०१९ मध्ये हैदराबादने घेतली. खुद्द सुपर लीगही निर्धोक नाही. राष्ट्रीय महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातील २०१० चा पंधरा वर्षांचा करार संपत आला, तसा २०२५-२६ चा हंगामच अधांतरी राहिला. एका करारावर देशाची लीग टांगलेली असावी, यातच सारे आले.

उलट कोल्हापुरात पाहा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही फुटबॉल संघांची नावे आहेत. कुस्तीच्या आखाड्याभोवती वाढलेल्या पेठेने चेंडूही आपलासा केला. हे संघ श्रीमंत नाहीत, सामन्यांत प्रसंगी हाणामारीही होते, देशपातळीवरचे यश तर दूरच. पण उद्या एखादा देणगीदार निघून गेला तरी पेठ उठून दुसऱ्या शहरात जात नाही.

म्हणून लीगच नकोत, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. २०१४ साली सुरू झालेली प्रो कबड्डी टिकली. खेळ घरोघरी ठाऊक होता, सामना आटोपशीर होता आणि प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीनेच मालकीत मोठा वाटा घेतल्याने सुरुवातीची झळ सोसणारा कोणी होता. आणि मैदानांचीही स्तुती किती करावी? तेथे मोठ्या जोडीला मोठे इनाम मिळते, खालच्या जोडीतल्या पोराला खुराकाचा महिनाही निघत नाही. गुडघा मोडला तर उपचाराचा खर्च घरच्या शेतावर पडतो. मुलींना तर या मातीत कालपरवापर्यंत उतरूच दिले जात नव्हते. 'प्रो रेसलिंग लीग'मध्ये पहिल्या हंगामापासून महिलांच्या कुस्त्या पुरुषांच्या बरोबरीने एकाच व्यासपीठावर झाल्या, हे तिचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. शिवाय परंपरेचा अभिमान सांगणाऱ्यांनी नोव्हेंबर २०२३ आठवावा. एकाच महिन्यात दोन संघटनांनी दोन 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा भरविल्या. भांडण फक्त भांडवलदारांनाच येते असे नाही.

लीगला सांगली-कोल्हापूरकडे यावयाचे असेल तर तिने मुंबईच्या नावाचा संघ दिल्लीत खेळविण्याऐवजी येथील तालमींशीच करार करावा, हंगाम जत्रांच्या दिवसांशी जुळवून घ्यावा आणि मल्लाला तीन आठवड्यांच्या मानधनाऐवजी वर्षभराचा खुराक व विमा द्यावा. खर्च लिलावापेक्षा कमीच येईल. तालमीत पहाटे जोर मारणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराच्या बापाला गायरानाकडेची म्हैस विकावयाची की ठेवावयाची, हे याच वर्षी ठरवावयाचे असते. लीगचा पुढचा हंगाम होणार की नाही, हे त्याला अद्याप कोणी सांगितलेले नसते.