पोट साफ होत नाही? आधी ताट पाहा

‘डॉक्टर, पोटच साफ होत नाही’ ही तक्रार दवाखान्यात मी रोज ऐकतो. खोदून विचारले की कळते, शौचास रोज होते. पण सकाळी दोनदा झाले नाही तर गृहस्थांना चैन पडत नाही! वाचकहो, दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यातले काहीही प्रकृतीला धरूनच आहे. मळाचा खडा होणे, कुंथावे लागणे ही खरी बद्धकोष्ठता.

तिचे मूळ बहुधा ताटात सापडते. धान्य-भाज्यांतला चोथा आपल्याला पचत नाही, आणि म्हणूनच तो उपयोगी पडतो. तो पाणी धरून ठेवतो, मळ मऊ व भरीव होतो, आतड्याला तो पुढे ढकलणे सोपे जाते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, बाजरीत ११. पॉलिशच्या तांदळात व मैद्यात ३ ग्रॅमही नाही. मग सकाळी चहा-खारी आणि दोन्ही वेळा भात खाणाऱ्याचे पोट अडले तर नवल काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांना रोज किमान २५ ग्रॅम चोथा सांगितला आहे. तीन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी आणि एक पेरू, एवढ्यात तो भरतो. मात्र वाढ हळूहळू करा, नाहीतर गॅस धरतो. सोबत पाणीही भरपूर हवे. इसबगोल तर पेलाभर पाण्याशिवाय घेऊच नये.

सोनामुखीची चूर्णे आतड्याला चाबूक मारून हलवतात. चार दिवस ठीक. वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने नकोत.

सकाळी काही खाल्ले-प्यायले की आतडे आपोआप हालते. ती वेळ दवडली की मळ सुकत जातो. शाळेत स्वच्छ संडास नाही म्हणून दिवसभर दाबून ठेवणाऱ्या मुली मी पाहतो. हा दोष आहाराचा नव्हे.

सगळेच भाकरीने बरे होते, असेही नाही. लोहाच्या गोळ्या, थायरॉईडचा विकार यांनीही पोट अडते. पंचावन्न वर्षांच्या एका शेतकऱ्याने रक्त पडते म्हणून आठ महिने मूळव्याधीचे चूर्ण घेतले. तपासले तेव्हा गुदाशयात कर्करोगाची गाठ निघाली. रक्त पडणे, वजन घटणे, पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय एकाएकी बदलणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच डॉक्टरांकडे जा. बोटाने करायची तपासणी दोन मिनिटांत होते, तिला लाजू नका.