वसतिगृहातला पहिला ताप

परभणीत १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि मराठवाड्यातल्या गावोगावची मुले इथल्या वसतिगृहांत राहू लागली. २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांची भर पडली. या अर्धशतकात नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या तापाचे निदान घरचे लोक एका वाक्यात करत आले: तिथलं पाणी मानवलं नाही. कावीळ असेल तर हे खोटे नाही. 'अ' आणि 'ई' या काविळी दूषित पाण्यातूनच बहुधा पसरतात. बाकीच्या अनेक तापांचे मूळ मात्र शेजारच्या खाटेवर असते. अनेक गावांचे विषाणू एका खोलीत जमतात आणि ज्याच्या शरीराला त्यांची ओळख नसते, तो अंथरूण धरतो. मग तो तालमीत घुमणारा का असेना. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात विद्यार्थ्यांचे प्रवेशाच्या वेळचे रक्त जपून ठेवले होते. १९६८ मध्ये त्यातून दिसले, की एप्स्टाइन-बार विषाणूचा ताप ज्यांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे आधी नव्हती, त्यांनाच आला.

यावर हमखास म्हटले जाते, की मातीत वाढलेल्या खेड्यातल्या पोराला काय होते? काही विषाणूंबाबत हे खरे आहे. एप्स्टाइन-बारची गाठ आपल्याकडे बहुतेकांशी लहानपणीच पडते, म्हणून तो ताप इथल्या वसतिगृहांत फारसा गाजत नाही. कांजिण्यांचे नेमके उलटे. उष्ण प्रदेशात त्या उशिरा गाठतात, विरळ वस्तीत तर अनेकांना तारुण्यापर्यंत होतच नाहीत. आणि मोठेपणी झाल्या तर फुप्फुसापर्यंत जाऊ शकतात. त्यांची लस सरकारी लसीकरणात नाही. हिपॅटायटिस 'बी'ची लस देशभर पोचली २०११च्या सुमारास, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्यांनी ती घेतली असेलच असे धरता येत नाही.

अनेक गावांची मुले एका खोलीत आली की आजार पसरतो, हे कोरोनाने ठळक केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशिम जिल्ह्यातल्या देगावच्या निवासी शाळेत २२९ विद्यार्थी बाधित निघाले. ते अनेक जिल्ह्यांतून आले होते. तेव्हा काढे आणि गोळ्या वाटण्यावर जेवढा उत्साह खर्च झाला, तेवढा खोल्यांतली गर्दी कमी करण्यावर झाला नाही. खर्चाची सबब इथे टिकत नाही. आजाऱ्यासाठी एक हवेशीर वेगळी खोली आणि प्रवेशाच्या कागदांत लसींची नोंद, एवढ्याला निधी लागत नाही. परभणीतल्या वसतिगृहांनी येत्या प्रवेशापासूनच ही दोन कामे सुरू करावीत.