उष्ण कटिबंधाची न मोडलेली ठेव

पृथ्वीवर जीवसृष्टीच्या संपत्तीची वाटणी समान झालेली नाही. कॅनडाचे क्षेत्रफळ कोलंबियाच्या जवळजवळ नऊपट आहे. तथापि कॅनडात नोंदलेल्या पक्ष्यांच्या प्रजाती सातशेच्या आसपास आहेत, तर कोलंबियात त्या सुमारे १९०० भरतात. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांना पेरूच्या अरण्यातील एकाच वृक्षावर मुंग्यांच्या ४३ प्रजाती आढळल्या. साऱ्या ब्रिटिश बेटांवर मिळूनही मुंग्यांच्या प्रजाती साधारण तेवढ्याच आहेत. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधील पट्ट्यावर, म्हणजेच उष्ण कटिबंधावर, निसर्गाने एवढी मेहेरनजर का केली असावी? जर्मन प्रवासी-संशोधक हंबोल्ट यांनी १७९९ ते १८०४ या काळात दक्षिण व मध्य अमेरिकेचा प्रवास केला, तेव्हापासून हा प्रश्न अभ्यासकांना खुणावत आला आहे.

आम्हा बँकेतील मंडळींना हा प्रश्न खातेवहीच्या भाषेत मांडण्याचा मोह होतो. नवी प्रजाती निर्माण झाली की ती जमेच्या बाजूस. एखादी नामशेष झाली की ती नावेच्या बाजूस. खाते किती काळ अखंड चालले, जमा किती झाली आणि नावे किती पडले, यांवर शिल्लक ठरते. उष्ण कटिबंधात या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी अनुकूल ठरल्या.

अखंड काळ

आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८७८ मध्येच काळाच्या मुद्द्यावर बोट ठेवले होते. हिमयुगांमध्ये उत्तरेकडील विस्तीर्ण प्रदेश पुन्हा पुन्हा बर्फाखाली गेला. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी जवळजवळ सारा कॅनडा आणि युरोपचा उत्तर भाग हिमाच्छादित होता. तेथील ठेव जणू मुदतीपूर्वीच मोडली गेली आणि बर्फ ओसरल्यावर नव्याने खाते उघडावे लागले. उष्ण कटिबंधातही हवामान बदलले, काही ठिकाणी अरण्ये आक्रसली. परंतु सारे पुसले जाईल असा प्रसंग आला नाही. जुनी घराणी टिकली आणि त्यांना नव्या शाखा फुटत राहिल्या.

डेव्हिड जॅब्लॉन्स्की, कौस्तुव रॉय आणि जेम्स व्हॅलेंटाइन यांनी सागरी शिंपल्यांच्या जीवाश्मांचा अभ्यास करून २००६ मध्ये असे दाखविले की, त्यांतील बहुसंख्य नवे गट उष्ण समुद्रांत जन्मले. ते ध्रुवांच्या दिशेने पसरले, तरी मूळ घर त्यांनी सोडले नाही. अर्थात उष्ण कटिबंध हा नव्या प्रजातींचा पाळणा आहे आणि जुन्यांचे संग्रहालयही आहे.

अरुंद चाकोरी, अधिक प्रजाती

बारमाही ऊन आणि मुबलक पाऊस यांमुळे तेथे वनस्पती जोमाने वाढतात आणि प्राण्यांना अन्नाची ददात राहत नाही. परंतु केवळ अन्न वाढल्याने प्राण्यांची संख्या वाढेल. प्रजाती का वाढाव्यात? याचे एक मार्मिक उत्तर डॅनियल जॅन्झेन यांनी १९६७ मध्ये सुचविले. समशीतोष्ण प्रदेशातील प्राण्याला वर्षभरात कडक थंडी आणि उन्हाळा असे दोन्ही सोसावे लागते, त्यामुळे तो काटक बनतो. उष्ण कटिबंधात मात्र एकाच ठिकाणचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. तेथील प्राणी तेवढ्याच मर्यादेत रमतो. त्याला एखादा डोंगर वा दरीदेखील ओलांडवत नाही. कारण वर गेल्यास थंडी आणि खाली उतरल्यास उष्मा त्याला मानवत नाही. परिणामी एकाच कुळाच्या शाखा विलग होतात आणि लक्षावधी वर्षांत त्यांच्या निराळ्या प्रजाती बनतात.

आपल्या पश्चिम घाटात याचे सुंदर उदाहरण आहे. केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरील पालघाट खिंड सुमारे तीस किलोमीटर रुंद, सखल आणि उष्ण आहे. उंच डोंगरमाथ्यांवरील थंड शोला वनांत राहणाऱ्या निळसर शोला रॉबिन पक्ष्यांना ती ओलांडणे जमले नाही. आज खिंडीच्या उत्तरेस एक प्रजाती नांदते आणि दक्षिणेस दुसरी.

हा नियम सरसकट मात्र नाही. पेंग्विन, सील आणि मावा कीटक यांच्या प्रजाती थंड वा समशीतोष्ण प्रदेशांतच अधिक आहेत. शिवाय वरील कारणांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, याविषयी शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत.

श्रीमंतीतील जोखीम

ज्या कारणांनी ही संपत्ती वाढली, त्याच कारणांनी ती नाजूकही झाली आहे. युरोपातील एखादा प्राणी देशोदेशी पसरलेला असतो. एका जंगलातून गेला तरी दुसरीकडे उरतो. उष्ण कटिबंधात एखाद्या प्रजातीचे सारे भांडवल एका डोंगरावरच असू शकते. कोस्टा रिकातील मॉन्तेव्हेर्दे येथील सोनेरी भेक अवघ्या काही चौरस किलोमीटर क्षेत्रात राहत असे. १९८७ साली तो दीड हजारांहून अधिक संख्येने दिसला, १९८९ मध्ये केवळ एक नर आढळला आणि २००४ मध्ये ही प्रजाती नामशेष म्हणून जाहीर झाली. तेथे कोणी कुऱ्हाड चालविली नव्हती. कोरडे पडलेले हवामान आणि बुरशीजन्य रोग ही त्यामागील संभाव्य कारणे मानली जातात.

हेच चित्र आपल्या दारातही संभवते. पश्चिम घाटातील जांभळा बेडूक शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रथम जगापुढे आणला. त्याचे सर्वांत जवळचे नातलग हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर आहेत आणि ही दोन घराणी दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली असावीत, असा अंदाज आहे. हा प्राणी बहुतेक आयुष्य जमिनीखाली काढतो आणि वर्षातून मोजके दिवस, पावसाच्या आरंभी, प्रजननासाठी वर येतो. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, ही गौरवाची बाब खरीच. परंतु या बेडकाला हवे असते ते एवढेच, की तो वर येईल तेव्हा डोंगरातला तो ओढा वाहता असावा आणि काठावरची माती जागेवर असावी.