पाणी सोडणारं घर

मामांच्या ओसरीत भिंतीला टेकून एक लोखंडी चावी उभी असते. छातीइतकी उंच, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. रस्त्याकडेच्या चेंबरमध्ये ती उतरवून दोन्ही हातांनी फिरवली, की वरच्या आळीचं पाणी बंद होतं आणि खालच्या आळीचं सुरू होतं. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या चार गावांच्या नळयोजना हे एक घर सांभाळतं. मामा मोटर आणि पाइपलाइन बघतात, मामेभाऊ पॅनल आणि वायरिंग, वहिनी पाणी तपासतात आणि मामी वह्या लिहितात. तालुक्यात नाव मामांचं आहे, पण धंदा उभा आहे तो मामींच्या वह्यांवर.

शाळेच्या दोनशे पानी वह्या त्या. तारीख, मोटर किती वाजता चालू केली, किती वाजता बंद, व्होल्टेज, अँपिअर, टाकी भरायला लागलेला वेळ, टाकलेली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. मामींचं शिक्षण सातवीपर्यंतचं. एका जानेवारीत मी तिथे असताना संध्याकाळी भाऊ फोनवर आकडे सांगत होता. मामींनी मागची दोन पानं उलटली आणि म्हणाल्या, "धा दिसापासून आकडा उतरायलाय. बोअर कमी पडायलंय. उद्यापासून दोन टप्प्यांत चालीव, मदी दोन तास सोड." साडेआठ अँपिअर घेणारी मोटर सातवर आली होती आणि टाकी भरायला पाऊण तास जास्त लागत होता. बोअरमधली पातळी खाली गेली की पंपातून पाणी कमी निघतं, मोटरवरचा भार घटतो आणि अँपिअर उतरतो. तशीच रेटत राहिली, तर एक दिवस ती कोरडी फिरते. सबमर्सिबल मोटर भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते, त्यामुळे कोरडी फिरलेली मोटर जळायला वेळ लागत नाही. त्या वर्षी शेजारच्या गावची मोटर फेब्रुवारीत जळाली. मामांच्या गावांतली एकही जळाली नाही.

हे सांगताना मला मामांची सुरुवात आठवते, कारण जळालेल्या मोटरीवरच त्यांचं पोट होतं. बाजाराच्या गावात त्यांचं रिवाइंडिंगचं दुकान होतं. गावची मोटर जळाली की ट्रॅक्टरवर घोडी आणि चेनपुली घालून लोक बोलवायला यायचे. कॉलम पाइप एकेक करून वर काढायचे, मोटर दुकानात न्यायची, तांब्याची तार भरायची, पुन्हा सोडायची. तेवढे दिवस गाव टँकरवर किंवा शेतातल्या विहिरीवर. एक सरपंच एकदा चिडून म्हणाले, "जळल्यावर पैसे देतो, त्यापेक्षा जळू नये म्हणून महिन्याला ठरावीक घे." मामांना हे पटायला वर्ष लागलं. मामींना लगेच पटलं.

त्या सरपंचांच्या बोलण्यात ग्रामीण पाणीपुरवठ्याची खरी गाठ आहे असं मला वाटतं. दुरुस्तीवर पैसा मिळणाऱ्याला बिघाड हवा असतो. तो वाईट माणूस असतो असं नाही, त्याची मिळकतच तशी बांधलेली असते. पाणी येत राहिलं म्हणून पैसा मिळणारा माणूस मात्र रात्री अकराला व्होल्टेज बघायला उठतो.

आपल्याकडे देखभालीची ही सोय कधी नीट बसलीच नाही. १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात कठीण कातळात बोअर घेण्याला जोर आला आणि गावोगाव हातपंप आले. त्याआधीचे ओतीव लोखंडाचे पंप घरगुती वापराच्या बेताचे. दिवसभर शेकडो माणसं हापसू लागली की ते मोडायचे. मजबूत पंपाचा शोध आपल्याच मुलखात लागला. जालन्याच्या मिशनमध्ये पोलादी पंप तयार झाला, मग सोलापुरात दांड्याला साखळी जोडलेला. या सोलापूर पंपावरूनच सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' घडला आणि पुढे तो जगभरच्या गरीब देशांत गेला. माझे आजोबा पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकात मदतनीस होते. जीप एक, गावं अख्ख्या तालुक्याची. चामड्याच्या वॉशरपायी पंप कितीतरी दिवस बंद राहायचा. राजस्थानात तिलोनियाच्या संस्थेने गावातल्याच पोरांना हातपंप मिस्त्री केलं, उत्तर प्रदेशात चित्रकूटकडे 'वनांगना'ने बायकांच्या हातात पाने दिले. आजोबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मात्र पाना गावातच असायला हवा, हे ते आयुष्यभर बोलत राहिले.

कागदावर तो गावात आला. ७३व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींना जे २९ विषय दिले, त्यांत पिण्याचं पाणी आहे. पुढे 'स्वजलधारा' आली, जागतिक बँकेच्या मदतीने 'जलस्वराज्य' आली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन जाहीर झालं, तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी सुमारे १७ टक्के घरांतच नळ होता. आज तो १५ कोटींहून अधिक घरांत पोचला आहे. काम थोर आहे आणि ते कमी लेखण्याचा माझा अजिबात हेतू नाही. माणशी रोज ५५ लिटर, तेही वर्षानुवर्षं, हे वचन पाळायचं मात्र ग्रामपंचायतीने आणि ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने. समितीत निम्म्या बायका हव्यात असं मिशनची मार्गदर्शिका सांगते. पण स्टार्टरची कॉइल गेली तर समितीतलं कोण जाणार, हा प्रश्न टाकीच्या उद्घाटनाला कुणी विचारत नाही.

साधा हिशेब करून बघा. दोन हजार वस्तीच्या गावाला ५५ लिटरने रोज एक लाख दहा हजार लिटर पाणी लागतं. तेवढं ६० मीटर वर चढवायला शास्त्राप्रमाणे १८ युनिट वीज पुरते. पंप, मोटर आणि पाइपातली घट धरून प्रत्यक्षात दुप्पट, म्हणजे दिवसाला ३५ युनिटच्या आसपास. पंप झिजला की आकडा आणखी वाढतो आणि बिल थकतं. थकलं की वीज तुटते. गळतीचं तसंच. टाकीतलं पाणी १५ मीटर उंचीवर असेल आणि खालच्या सतत भरलेल्या पाइपाला तीन मिलिमीटरचं भोक पडलं, तर दिवसाकाठी सहा हजार लिटरहून जास्त पाणी जमिनीत जातं. शंभराहून अधिक माणसांचा वाटा तो. मामा गळती कानाने शोधतात. पहाटे चार वाजता, गाव निजलेलं असताना, लोखंडी चावी व्हॉल्व्हवर टेकवून मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून उभे राहतात. पाणी चाललं असेल तर सळईतून सूं असा आवाज येतो. मलाही त्यांनी ऐकवला. एकदा ऐकल्यावर तो विसरता येत नाही.

एका गावाच्या पाणीपट्टीवर एक जाणकार माणूस पोसला जात नाही. चारशे घरं, महिन्याला शंभर रुपये, सगळी वसूल झाली तरी चाळीस हजार. त्यातून वीजबिल, टीसीएल, सुटे भाग, पाणी सोडणाऱ्याचा पगार. म्हणून गावाला मिळतो तो अर्धवेळ गडी. चार गावं एकत्र आली की चेनपुली एक पुरते, जास्तीची मोटर एक ठेवली तरी चालते, टीसीएल एकत्र आणता येते. सरकारच्या 'नल जल मित्र' प्रशिक्षणात प्लंबर, फिटर, इलेक्ट्रिशियन यांची कामं एकाच माणसाला शिकवतात, ही फार चांगली गोष्ट आहे. त्याला एका गावात अडकवू नये. त्याच्यामागे त्याचं घर उभं राहिलं पाहिजे, कारण पाण्याला सुट्टी नसते आणि माणूस आजारी पडतो.

पैसे मात्र वेळेवर मिळत नाहीत. एका ग्रामपंचायतीने मामांचे अकरा महिन्यांचे पैसे थकवले. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून पाणीपुरवठ्याची देखभाल करता येते, हे मामेभावाने कागद दाखवून समजावलं, तरी दर वेळी सही कुठेतरी राहिलेली. घरात पहिल्यांदा भांडण झालं ते तेव्हा. भाऊ म्हणाला, चावी नेऊन द्या त्यांना. मामा गप्प बसले. मामींनी गावातल्या बायकांना ओसरीत बोलावून वही वाचून दाखवली: या वर्षात नळ किती दिवस बंद होता, तर सहा. पुढच्या ग्रामसभेत त्या बायकाच उठल्या. आठ दिवसांत अर्धे पैसे आले. उरलेल्यांसाठी चार महिने लागले.

आणि पाणी नुसतं येऊन भागत नाही. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक जलसुरक्षकाला पाठ असतं. पण ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास असलेलं क्लोरिन, पोतं ओलीला उघडं पडलं की उडून जातं आणि मग पाच ग्रॅम टाकूनही पाणी कच्चंच राहतं. टाकीवर बसून हे कळत नाही. लाइनच्या शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक हवं, असं भारतीय मानक सांगतं, आणि शेवटचा नळ कुठे असतो हे आपल्या गावांत विचारावं लागत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली, त्याला शतक होत आलं. पाइप आता बहुतेकांच्या दारात गेला आहे, तरी त्याचं टोक सहसा दलितवस्तीतच संपतं. मध्ये कुणी पाणी ओढायला टिल्लू मोटर लावली, की टोकाला करंगळीएवढी धार.

वहिनींनी घरात आल्या वर्षीच सांगितलं होतं, तपासणी शेवटच्या घरापासून करायची. मामांना आधी ती उलटी वाट वाटली होती. मी त्यांच्याबरोबर गेलो ती संध्याकाळ पावसाळ्यातली. दलितवस्तीतल्या टोकाच्या घरी एक आजी हंडा लावून बसल्या होत्या. वहिनींनी काचनळी विसळून पाणी भरलं, क्लोरिन तपासायचे ओटीचे थेंब टाकले आणि नळी पांढऱ्या कागदासमोर धरली. रंग आला नाही. पुन्हा भरलं, पुन्हा थेंब. पाणी तसंच नितळ.

"आजी, हा हंडा पिऊ नका, उकळून घ्या," असं म्हणून त्यांनी मामेभावाला फोन लावला. तो नवं पोतं घेऊन टाकीवर चढला. आम्ही त्या उंबऱ्यावर बसून राहिलो, आजींनी चहा केला. पावणेदोन तासांनी नळीत फिकट पिवळा रंग उतरला. वहिनींनी फोनवरून मामींना वेळ सांगितली आणि पलीकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.