जनित्राच्या पाठीशी एक पाटी

मुंबईतल्या लालबाग-परळला वीज पुरवते बेस्ट, आणि बेस्टच्या विजेतला मोठा वाटा टाटांच्या ट्रॉम्बे केंद्रातून येतो. तिथला पाचवा संच १९८४ सालचा, ५०० मेगावॅटचा. एवढा मोठा संच देशात त्याआधी नव्हता. इतक्या अवाढव्य जनित्राच्या रोटरमध्ये कायमचा लोहचुंबक मात्र नसतो, आणि हे कळल्यापासून माझं कुतूहल शमलेलं नाही. रोटर म्हणजे पोलादाचा प्रचंड दंडगोल आणि त्याच्या खाचांत बसवलेली तांब्याची वेटोळी. तो मिनिटाला ३००० फेरे घेत असला, तरी त्या वेटोळ्यांतून डीसी प्रवाह वाहू लागेपर्यंत वीज म्हणावी अशी तयारच होत नाही. विजेच्या कारखान्याला आधी थोडी वीज घालावी लागते!

हे काम एक्सायटरचं. आजच्या बऱ्याच मोठ्या संचांत जनित्राच्याच विजेतला छोटासा हिस्सा ट्रान्सफॉर्मरमधून वळवून घेतात, थायरिस्टर त्याचा डीसी करतात आणि ब्रशमार्गे तो रोटरला देतात. पण जनित्र अजून काहीच देत नसताना हिस्सा कसला घेणार? तेव्हा केंद्रातल्या बॅटऱ्या काही क्षण पुढे होतात. याला फील्ड फ्लॅशिंग म्हणतात. व्होल्टेज उभं राहिलं की बॅटऱ्या बाजूला होतात आणि यंत्र स्वतःच्या जोरावर चुंबक बनून राहतं.

खरी कसोटी पुढे. ग्रिडला जोडलेल्या संचाचे मेगावॅट वाफेवर ठरतात, तर व्होल्टेज सावरणं रोटरमधल्या प्रवाहावर अवलंबून असतं. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांतल्या लिफ्ट, पंप, एसी यांच्या मोटरींना काम करण्याच्या विजेशिवाय आपलं चुंबकक्षेत्र उभं करायलाही वीज लागते. ती खर्च होत नाही, नुसती ये-जा करत राहते. ही रिॲक्टिव्ह पॉवर. तिची मागणी वाढली की व्होल्टेज खचू लागतं आणि एक्सायटरला रोटरचा प्रवाह वाढवावा लागतो. थायरिस्टरांना चालू होण्याचा इशारा ५० हर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनात सहा वेळा, म्हणजे दर ३.३ मिलिसेकंदांनी द्यायचा असतो. तो किंचित आधी दिला की प्रवाह वाढतो, किंचित उशिरा दिला की घटतो. हजारो अँपिअरची सगळी सूत्रं त्या एका क्षणाच्या निवडीत आहेत.

हा क्षण ठरतो एका कपाटातल्या रॅकवर. जनित्राचं हजारो व्होल्टचं व्होल्टेज पीटीतून (पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर) ११० व्होल्टपर्यंत उतरून तिथे पोचतं. एक कार्ड ते मोजतं, दुसरं हिशेब करतं, तिसरं इशारे सोडतं, आणखी एक कंट्रोल रूमशी बोलतं. ही सगळी कार्डं ज्या पाटीत खोचलेली असतात ती बॅकप्लेन. गिरगावच्या चाळीतल्या गॅलरीसारखी: बिऱ्हाडं वेगळी, वावर तिच्यातून.

पाटी काढून हातात धरली, तर तिच्यावर कनेक्टरांच्या रांगांपलीकडे फारसं काही दिसत नाही. करामत आत आहे. तांब्याचे अनेक पातळ थर एकमेकांवर दाबून बसवलेले. काही थरांत संदेशांच्या वाटा, काही थर निव्वळ पुरवठ्याचे आणि अर्थिंगचे. या वाटांवरून संदेश एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो, म्हणून वाटेची लांबी आणि रुंदीसुद्धा हिशेबात धरावी लागते. पुष्कळदा पिना डाखलेल्याही नसतात. भोकापेक्षा जराशा जाड पिना दाबून अशा बसवतात, की धातूला धातू भिडतो आणि मध्ये हवा शिरत नाही. मुंबईच्या दमट, खारट हवेत याचं मोल फार आहे.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं. अनेक बॅकप्लेनमध्ये प्रत्येक स्लॉटच्या काही पिना ठरावीक तऱ्हेने जोडलेल्या असतात. हुबेहूब सारखी दोन कार्डं घ्या. आपण मुख्य की राखीव, हे कार्डाला जागेवरून उमगतं. त्याची ओळख पाटीच्या तांब्यात लिहिलेली असते.

जीई कंपनीच्या ईएक्स-२१०० या एक्सायटरमध्ये ही कल्पना छान दिसते. एकाच बॅकप्लेनचे तीन विभाग: एम-१, एम-२ आणि सी. प्रत्येकाचा वीजपुरवठा स्वतंत्र. एम-१ आणि एम-२ दोघेही प्रवाह सांभाळायला सज्ज, पण एका वेळी सूत्रं एकाच्याच हाती. सी स्वतः रोटरचा प्रवाह चालवत नाही. तो दोघांवर नजर ठेवतो. एक बिघडला तर दुसरा इतक्या सहज काम उचलतो, की व्होल्टेजला धक्का जाणवू नये.

अशी काळजी मुंबईला का हवी, ते १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दिसलं. बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या बंद पडल्या, शहर बेटासारखं वेगळं काढून चालवण्याची व्यवस्थाही टिकली नाही आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. ग्रिडचा आधार सुटला की वेग आणि व्होल्टेज दोन्ही शहरातल्या मोजक्या संचांनाच तोलावं लागतं.

१९१५ साली खोपोलीचं पाणी परळच्या गिरण्यांसाठी वीज करू लागलं, त्या काळी जगभर व्होल्टेज तोलणं थरथरणारे संपर्क उघडून-मिटून चाले. आता ते काम कार्डांकडे आहे. कार्ड बिघडलं तर ते उपसून नवं लावता येतं. बॅकप्लेनचं तसं नाही. ती बदलायची म्हणजे सगळी कार्डं, सगळ्या केबली सोडवायच्या, अर्थात संच बंद ठेवायचा. म्हणून बिघडू शकेल असा भाग तिच्यावर शक्यतो ठेवतच नाहीत. चिपा कार्डांवर, आणि पाटीवर राहतं ते तांबं.