कॉफीचें झाड आणि कर्जाचा हप्ता

कोणत्याही व्यापाराच्या दूरवरच्या योजनेंत दोन कालगणना एकाच वेळीं चालत असतात. एक मालाची आणि दुसरी पैशाची. या दोहोंचा मेळ बसला तर धंदा भरभराटतो. न बसला तर उत्तम मालही त्यास तारूं शकत नाहीं. आपल्या देशांतील ‘कॅफे कॉफी डे’ या कॉफीगृहांच्या मालिकेचा इतिहास या दृष्टीनें मननीय आहे.

तिचे संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ हे कर्नाटकांतील चिकमगळूरच्या कॉफीमळेवाल्या घराण्यांतले. रोप लावल्यावर फळासाठीं तीन-चार वर्षें धीर धरावा लागतो, हें बाळकडू त्यांस घरींच मिळालें होतें. पोत्यांतल्या बियांपेक्षां पेल्यांतल्या कॉफीस कितीतरी अधिक मोल येतें, हें ओळखून त्यांनीं मळा, भाजणी, दळण व विक्री हीं सारीं एका हातीं आणलीं. १९९६ सालीं बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर पहिलें कॉफीगृह उघडलें. तेथें कॉफीबरोबर इंटरनेटचीही सोय होती. चार मित्रांनीं निवांत बसावें अशी जागा तरुणांस हवीच होती. २०१९ पर्यंत शाखांची संख्या १,७०० च्या आसपास पोंचली.

येथवर योजनेंत दोष काढणें कठीण. परंतु नव्या शाखेस गिऱ्हाईक जोडावयास अवधि लागतो, आणि जागेचें भाडें मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होतें. शाखा म्हणजेही एक रोपच. तिच्या मुळाशीं कांहीं काळ पाणी घालीतच राहावें लागतें. त्यांत या उद्योगसमूहानें तंत्रोद्यान, मालवाहतूक, विश्रामगृहें असे कॉफीशीं दूरचा संबंध असलेले व्यवसायही अंगावर घेतले. २०१५ सालीं भागविक्रीनें सुमारें १,१५० कोटि रुपये उभे राहिले; तरीही मार्च २०१९ अखेर समूहाच्या कर्जाचा आकडा ७,००० कोटींच्या पुढें गेला होता. झाड आपल्या गतीनें वाढतें. हप्ता मात्र ठरल्या तारखेस दारीं उभा राहतो.

जुलै २०१९ मध्यें सिद्धार्थ यांचा दुःखद अंत झाला. त्या शोकांतिकेच्या अंतरंगांत शिरण्याचा अधिकार आपणांस नाहीं. हिशेबाचा धडा मात्र सर्वांसाठीं आहे. त्यानंतर बंगळूरचें तंत्रोद्यान विकून कर्जफेड सुरू झाली. डिसेंबर २०२० मध्यें त्यांच्या पत्नी मालविका हेगडे यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. मार्च २०२१ पर्यंत कर्ज २,००० कोटींच्या आंत आलें, आणि पुढील वर्षभरांत शाखांची संख्या ५०० च्या खालीं उतरली. नवी शाखा उघडतांना समारंभ होतो. तोट्याची शाखा बंद करतांना कोणी हार घालीत नाहीं. तथापि कोणत्या जागेंतून केव्हां पाय काढावा, हें ठरविणें हाही दीर्घ योजनेचाच भाग होय. माळी रोपें लावतो तसाच वेळेवर छाटणीही करतो.

हा धडा केवळ व्यापाऱ्यांपुरताच नव्हे. घर बांधतांना किंवा मुलांच्या परदेशीं शिक्षणासाठीं कर्ज काढतांना आपणही फळाचा हंगाम आणि हप्त्याची तारीख यांचा मेळ घालीत असतों. अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपले वाडवडील सांगत आले. तें अंथरूण उसनें असेल, तर धनी तें केव्हां परत मागणार, हेंही निजण्यापूर्वीं विचारून घ्यावें.